जोखमीचे गणित आणि संशोधनाची वाट

विमा आणि वित्तबाजार या दोन्ही क्षेत्रांचा पाया गणितावर उभा आहे, हे सर्वांना ठाऊक असते. तो पाया ज्या दोन लेखनांनी घातला, ती दोन्ही पीएच.डी.च्या तोडीचे प्रबंध होती, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. या विषयातील संशोधनात विद्यार्थी नेमके काय शिकतो आणि मुंबईसारख्या शहराला त्याची गरज का आहे, याचा हा परामर्श.

वर्सोव्याहून येणारी मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली आणि घाटकोपर हे मुंबईच्या उपनगरांतील मोठे संगमस्थान बनले. या स्थानकाला केंद्र मानून दहा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्यात काय काय येते? उत्तरेला पवईची आयआयटी येते. दक्षिणेला देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था येते. १९५६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम सांभाळत आली आहे. पश्चिमेला कलिन्यात मुंबई विद्यापीठाचे संकुल आहे आणि त्याच्या पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलात राष्ट्रीय शेअर बाजार व 'सेबी' यांची कार्यालये आहेत. गणित, माणसांच्या जन्ममृत्यूंची आकडेवारी आणि पैशांचा बाजार या तिन्ही गोष्टी एका उपनगरापासून इतक्या हाकेच्या अंतरावर असणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

असे असूनही घाटकोपर-विद्याविहारच्या महाविद्यालयांतून गणित किंवा संख्याशास्त्र घेऊन पदवी मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला वित्त आणि विम्याच्या दिशेने बहुधा एकच वाट दाखवली जाते, ती अ‍ॅक्च्युअरीच्या परीक्षांची. ती वाट चांगलीच आहे. परंतु तिच्या शेजारून आणखी एक वाट जाते. ती लांबची आहे, तिच्यावर गर्दी नाही आणि तिच्याविषयी माहितीही कमी आहे.

दोन वाटा, दोन कामे

अ‍ॅक्च्युअरी म्हणजे विमागणिती. विमेदाराकडून किती हप्ता घ्यावा, उद्याच्या दाव्यांसाठी आज किती निधी राखून ठेवावा, बोनस किती जाहीर करावा, हे ठरवण्याची आणि त्यावर जबाबदारीने सही करण्याची त्याची भूमिका असते. भारतात या व्यवसायाची संघटना १९४४ मध्ये 'अ‍ॅक्च्युरिअल सोसायटी ऑफ इंडिया' या नावाने सुरू झाली. संसदेने २००६ मध्ये केलेल्या कायद्यानुसार तिचे रूपांतर 'इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया' या वैधानिक संस्थेत झाले. प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर डझनभर विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात. संभाव्यता, संख्याशास्त्र, व्याजाचे गणित, अर्थशास्त्र असे विषय पार करत, बहुतेकदा नोकरी सांभाळत, उमेदवार 'फेलो'पर्यंत पोहोचतो.

या परीक्षांचा हेतू स्पष्ट आहे. सिद्ध झालेल्या पद्धती अचूकपणे आणि कायद्याच्या चौकटीत वापरणारा व्यावसायिक त्यांना घडवायचा असतो. पीएच.डी.चा हेतू याहून वेगळा असतो. ती पद्धत कोणत्या गृहीतकांवर उभी आहे, ती गृहीतके कधी मोडतात आणि मोडल्यावर काय करायचे, हे प्रश्न तिथे विचारले जातात. एका वाटेवर उत्तरपत्रिका असते, तर दुसऱ्या वाटेवर प्रश्नसुद्धा स्वतःच शोधावा लागतो. पहिल्या वाटेवरच्या माणसाला रोज लागणारी साधने दुसऱ्या वाटेवर तयार होतात आणि दुसऱ्या वाटेवरचे प्रश्न पहिल्या वाटेवरच्या अनुभवातून येतात. म्हणून यांतील एक वाट थोर आणि दुसरी गौण असे मानण्याचे कारण नाही. एक वाट ओसाड पडली, तर दुसरीही हळूहळू निकृष्ट होते.

दोन प्रबंधांची गोष्ट

या विद्येचा इतिहासच प्रबंधांपासून सुरू होतो. २९ मार्च १९०० रोजी पॅरिसमध्ये लुई बाशेलिए या तरुणाने 'सट्ट्याचा सिद्धांत' या विषयावरील प्रबंध परीक्षकांपुढे मांडला. परीक्षकांमध्ये त्या काळचे अग्रगण्य गणिती आंरी प्वांकारे होते. रोख्यांच्या किमतीतील क्षणोक्षणीची चढउतार हा संभाव्यतेच्या गणिताचा विषय होऊ शकतो, असे बाशेलिए याने दाखवले. पाण्यात तरंगणाऱ्या परागकणांची जी सैरावैरा हालचाल 'ब्राउनियन गती' म्हणून ओळखली जाते, तिचे गणित आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडले. बाशेलिए याने तेच गणित बाजाराच्या निमित्ताने पाच वर्षे आधी लिहून ठेवले होते. प्रबंधाचे कौतुक झाले, पण विषय गणितज्ञांना परका वाटला. बाशेलिए याला विद्यापीठात कायमची जागा मिळण्यास १९२७ साल उजाडावे लागले.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९०३ मध्ये, स्वीडनमधील उप्साला येथे फिलिप लुंडबर्ग याने विम्यावरचा प्रबंध सादर केला. त्याचा प्रश्न साधा होता. विमा कंपनीच्या तिजोरीत हप्ते नियमितपणे जमा होतात आणि दावे अनियमितपणे, लहानमोठ्या रकमांचे, येत राहतात. अशा कंपनीची तिजोरी कधीतरी रिकामी होण्याची शक्यता किती? विमागणितात आजही 'दिवाळखोरीची संभाव्यता' या नावाने हाच प्रश्न अभ्यासला जातो. लुंडबर्गची मांडणी इतकी दुर्बोध होती की, ती कित्येक वर्षे उपेक्षित राहिली. हाराल्ड क्रामेर या गणितज्ञाने ती उलगडून सांगितली. क्रामेर स्वतः विमा कंपनीत काम केलेला होता. १९२९ मध्ये स्टॉकहोममध्ये विमागणित आणि गणिती संख्याशास्त्र यांचे प्राध्यापकपद निर्माण झाले, त्यावर पहिली नेमणूक त्याचीच झाली. या पदाला विमा कंपन्यांचे आर्थिक पाठबळ होते, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या गोष्टीचा पुढचा धागा भारताशी जोडला गेला आहे. फार मोठी तूट येण्यासारख्या अतिदुर्मीळ घटनांची संभाव्यता कशी मोजावी, याविषयी क्रामेरने १९३८ मध्ये एक प्रमेय दिले. विम्याच्या प्रश्नातून उगवलेल्या या बीजाचा 'लार्ज डेव्हिएशन्स' नावाचा वृक्ष झाला, तो प्रामुख्याने एस. आर. श्रीनिवास वरदन यांच्या हातून. वरदन यांनी १९६३ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतून पीएच.डी. मिळवली आणि २००७ मध्ये त्यांना गणितातील सर्वोच्च सन्मानांपैकी एक असलेले आबेल पारितोषिक मिळाले. तिजोरी रिकामी होण्याच्या भीतीतून सुरू झालेला विचार शुद्ध गणिताच्या शिखरापर्यंत गेला, तो असा.

सरासरीचे बळ

विम्याचे गणित सरासरीच्या बळावर चालते. समजा, एका वयोगटातील हजार माणसांमागे वर्षात एक मृत्यू होतो. कंपनीने अशा दहा हजार माणसांचा विमा उतरवला, तर वर्षात सुमारे दहा दावे येतील अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात सात किंवा तेरा दावे येणे अगदी सामान्य आहे, म्हणजे अंदाज तीस टक्क्यांनी सहज चुकू शकतो. विमेदारांची संख्या दहा लाख झाली की अपेक्षित दावे हजार होतात आणि नेहमीची चूक तीस-बत्तीस दाव्यांची, म्हणजे तीन टक्क्यांची राहते. माणसे जितकी अधिक, तितका अंदाज पक्का. आयुर्विम्याचा सारा डोलारा या नियमावर उभा आहे.

बाजारातील जोखमीला हा नियम लागू पडत नाही. शेअर बाजार कोसळतो तेव्हा सर्वांचेच शेअर कोसळतात. तिथे दहा लाख गुंतवणूकदार गोळा केले तरी जोखीम विरत नाही. वित्तगणिताची युक्ती म्हणूनच वेगळी आहे आणि ती एका छोट्या उदाहरणातून समजते.

एका शेअरची आजची किंमत १०० रुपये आहे. उद्या ती १२० होईल किंवा ९० होईल, तिसरी शक्यता नाही असे मानू. हा शेअर उद्या १०० रुपयांना विकत घेण्याचा हक्क, म्हणजे 'ऑप्शन', आज केवढ्याला विकावा? भाव चढला तर हक्क २० रुपयांचा ठरेल, उतरला तर शून्याचा. विक्रेत्याने असे तीन हक्क विकले आणि त्याच वेळी दोन शेअर २०० रुपयांना खरेदी केले. त्यांतील १८० रुपये त्याने उसने घेतले आणि २० रुपये स्वतःचे घातले. भाव १२० झाला, तर शेअर २४० रुपयांना जातील. उसने फेडून हातात ६० रुपये राहतील आणि तीन हक्कांचे देणे नेमके ६० रुपयेच असेल. भाव ९० झाला, तर १८० रुपये हाती येतील, उसने फिटेल आणि देणे काहीच नसेल. एका दिवसाचे व्याज बाजूला ठेवले, तर तीन हक्कांची रास्त किंमत २० रुपये, म्हणजे एका हक्काची ६ रुपये ६७ पैसे ठरते. भाव चढण्याची शक्यता किती, हा प्रश्न या हिशेबात कुठे विचारावाच लागला नाही, ही त्यातील आश्चर्याची गोष्ट.

हाच हिशेब क्षणोक्षणी बदलणाऱ्या किमतींना लावायचा, तर नेहमीचे कलनशास्त्र अपुरे पडते. त्यासाठी लागणारे नवे कलनशास्त्र जपानच्या कियोशी इतो यांनी १९४० च्या दशकात उभारले. त्याच्या आधारे ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांनी १९७३ मध्ये ऑप्शनच्या किमतीचे प्रसिद्ध सूत्र दिले. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ब्लॅक यांचे १९९५ मध्येच निधन झाले होते. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, हे दोन मानकरी ज्या अमेरिकी गुंतवणूक संस्थेत भागीदार होते, ती डबघाईस आली. सूत्र चुकले नव्हते. बाजार सदैव सुरळीत चालेल आणि हवे तेव्हा खरेदी-विक्री करता येईल, हे त्यामागचे गृहीतक कोसळले होते.

२६ जुलैचा धडा

गृहीतक कोसळणे म्हणजे काय, हे मुंबईकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्यात पडलेला पाऊस होता अवघा ७३ मिलिमीटर. एकाच शहराच्या दोन टोकांमधील हा फरक आहे. केवळ कुलाब्याच्या नोंदी पाहून जोखीम ठरवणाऱ्याच्या वहीत त्या दिवशी विशेष काही घडलेच नाही. उपनगरांत मात्र घरे, दुकाने, गोदामे आणि वाहने एकाच रात्री पाण्याखाली गेली. माणसे जितकी अधिक तितका अंदाज पक्का, हा नियम इथे उलटतो. एकाच उपनगरातील दहा लाख घरांचा पूरविमा एकाच वेळी दाव्यांच्या रूपाने दारात उभा राहू शकतो.

अशा घटनांसाठी सरासरीचे गणित उपयोगाचे नाही. तिथे टोकाच्या मूल्यांचे गणित लागते. शंभर वर्षांच्या नोंदींवरून हजार वर्षांतून एकदा घडणाऱ्या घटनेविषयी काही बोलता येईल का, असा तो धाडसी प्रश्न आहे. या गणिताला सर्वात मोठी चालना देणाऱ्या देशांपैकी एक आहे नेदरलँड्स. १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री समुद्राचे पाणी तेथील बांध फोडून आत शिरले आणि अठराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या कामात अभियंत्यांबरोबर गणितज्ञ डाव्हिड फान डांट्सिग यांचा सहभाग होता. बांध किती उंच असावा, हा प्रश्न संभाव्यतेचा आणि खर्चाचा म्हणून सोडवला गेला. पुढे १९७० मध्ये लॉरेन्स डे हान यांनी टोकाच्या मूल्यांवर लिहिलेला डॉक्टरेटचा प्रबंध या शाखेचा आधारग्रंथ ठरला. पुरापासून बांधापर्यंत आणि बांधापासून प्रबंधापर्यंतचा हा प्रवास समुद्राकाठच्या कोणत्याही शहराने अभ्यासावा असा आहे.

घाटकोपरपुरते बोलायचे, तर जुलै २००० मध्ये आझाद नगर येथील टेकडीची दरड झोपड्यांवर कोसळून साठांहून अधिक रहिवासी दगावले होते. डोंगरउतारावरच्या वस्तीला विमा देणे शक्य आहे का, असल्यास किती हप्त्यात आणि तो हप्ता कुणी भरायचा, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही परदेशी पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. अमुक इतक्या तासांत अमुक मिलिमीटर पाऊस पडला की पंचनाम्याची वाट न पाहता रक्कम द्यायची, अशा प्रकारचे विमे जगात निघाले आहेत. परंतु तो पाऊस कुलाब्याचा धरायचा की सांताक्रूझचा, की त्या टेकडीवरचा? हे ठरवणे हेच संशोधन आहे.

कुणाचे मृत्यू मोजले?

चुकीच्या तक्त्याने अन्याय होतो, याचा अनुभव भारतीयांनी फार पूर्वी घेतला आहे. एकोणिसाव्या शतकात येथे काम करणाऱ्या परदेशी विमा कंपन्या भारतीयांचा विमा उतरवायला नाखूश असत आणि उतरवलाच तर जादा हप्ता घेत. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'बॉम्बे म्युच्युअल'ने भारतीयांना सर्वसामान्य दराने विमा देण्यास सुरुवात केली. मुंबईच्याच 'ओरिएंटल' कंपनीच्या विमेदारांच्या १९२५ ते १९३५ या काळातील अनुभवावरून तयार झालेला मृत्युदराचा तक्ता भारतीय विम्यात दीर्घकाळ वापरला गेला. जानेवारी १९५६ मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचे पाऊल उचलले आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. त्यानंतर महामंडळाच्या अनुभवावरचे तक्ते आले. खासगी कंपन्या आल्यावर सर्व कंपन्यांच्या एकत्रित माहितीवरून तक्ते बनू लागले.

परंतु हे तक्ते विमा घेणाऱ्यांचे आहेत. ज्यांनी कधी विमाच घेतला नाही, त्यांच्या आयुर्मानाविषयी ते मौन बाळगतात. निवृत्तिवेतनाचा प्रश्न तर याच्या नेमका उलटा आहे. आयुर्विम्यात कंपनीला अकाली मृत्यूची धास्ती असते, पेन्शन योजनेत दीर्घायुष्याची. आयुर्मान पुढील तीस वर्षांत किती वाढेल, याचा अंदाज एक-दोन वर्षांनी चुकला तरी पेन्शन निधीचा ताळेबंद हलतो. इथे देवनारच्या लोकसंख्याशास्त्राची आणि पवईच्या संभाव्यताशास्त्राची गाठ पडायला हवी.

बीडचे सूत्र

दोन गणितांची गाठ पडण्याचे महाराष्ट्रातील सर्वात बोलके उदाहरण मुंबईत नसून बीडमध्ये सापडते. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तीत शेतकऱ्याचा वाटा खरिपासाठी विमा रकमेच्या दोन टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी व फळपिकांसाठी पाच टक्के, असा मर्यादित ठेवला गेला. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य यांनी भरायचा. चांगल्या वर्षी कंपन्यांना मोठा नफा होतो आणि वाईट वर्षी कंपन्या पुढे येत नाहीत, अशी दुहेरी तक्रार उठली. तेव्हा २०२० मध्ये बीड जिल्ह्यात नवे सूत्र अवलंबले गेले आणि पुढे ते राज्यभर लागू झाले.

सूत्र असे. जमा हप्ता १०० रुपये धरला, तर कंपनीने जास्तीत जास्त ११० रुपयांपर्यंतचे दावे द्यायचे. त्यावरचा भार राज्य सरकारचा. दावे ८० रुपयांहून कमी आले, तर कंपनीने २० रुपये ठेवून बाकी रक्कम सरकारला परत करायची. म्हणजे दावे ५० रुपयांचे आले, तर ५० रुपये शेतकऱ्यांना, २० कंपनीला आणि ३० सरकारला. दावे १५० रुपयांचे आले, तर ११० कंपनी देणार आणि ४० सरकार.

वित्तगणित शिकलेल्याला हे सूत्र पाहताच ओळखीचे वाटते. सरकारने कंपनीला ११० च्या वरच्या नुकसानीचे संरक्षण दिले आहे आणि त्या बदल्यात ८० च्या खालचा नफा मागून घेतला आहे. हे दोन ऑप्शनच आहेत, एक दिलेला आणि एक घेतलेला. मग खरा प्रश्न असा की, या दोन्हींच्या किमती सारख्या आहेत का? सरकार सौद्यात लाभात आहे की तोट्यात? त्याचे उत्तर ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट म्हणजे दुष्काळाचे एकसामायिकपण. मराठवाड्यात एका तालुक्यात पाऊस दडी मारतो, तेव्हा शेजारच्या तालुक्यातही तो बहुधा दडी मारतो. वाईट वर्षे विरळ, पण एकदा आली की सर्वव्यापी असतात. सोप्या सरासरीवर आधारलेला हिशेब ११० च्या वरच्या भाराला नेहमीच कमी लेखेल.

राज्याने २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्साही स्वतः भरून एक रुपयात पीक विमा दिला आणि २०२५ मध्ये ती सवलत मागे घेतली. या निर्णयांवर भरपूर राजकीय चर्चा झाली. तिच्या मुळाशी असलेला गणिती प्रश्न उत्तम प्रबंधाचा विषय आहे आणि त्याच्या उत्तरावर हजारो कोटी रुपयांचा सार्वजनिक पैसा अवलंबून असतो.

सहा वर्षांची शिस्त

हे प्रशिक्षण प्रत्यक्षात चालते कसे? पदव्युत्तर शिक्षणानंतर विद्यार्थी 'नेट', 'गेट' किंवा राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची परीक्षा देतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यालाही थेट पीएच.डी.चा दरवाजा उघडला आहे. अभ्यासक्रमासह किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांची मुदत असते. पदवीवर नाव बहुतेकदा 'गणित' किंवा 'संख्याशास्त्र' एवढेच येते. वित्त आणि विमा हे प्रबंधाचे क्षेत्र असते.

पहिले वर्ष-दीड वर्ष पुन्हा विद्यार्थीदशेत जाते. मापन सिद्धांतावर उभारलेले संभाव्यताशास्त्र, यादृच्छिक प्रक्रिया, इतोचे कलनशास्त्र, संख्याशास्त्रीय अनुमान आणि संगणकीय पद्धती हे विषय तेव्हा पक्के करावे लागतात. त्यानंतर सर्वंकष परीक्षा होते. मग सुरू होतो तो खरा कसोटीचा काळ. मार्गदर्शकाने सुचवलेला पहिला प्रश्न अनेकदा फार अवघड निघतो किंवा आधीच कुणीतरी सोडवलेला आढळतो. महिनोन् महिने हाती काही लागत नाही. कुठले गृहीतक थोडे सैल केले तर प्रमेय टिकते आणि कुठले केले तर कोसळते, ही जाण याच काळात तयार होते. पुढे आयुष्यभर उपयोगी पडते ती हीच.

महाराष्ट्रात या विद्येची परंपरा नाही असे मुळीच नाही. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग १९५३ मध्ये सुरू झाला. त्याची धुरा वाहणारे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून आलेले होते. त्याच विभागातील शैलजा देशमुख यांनी विमा संख्याशास्त्रावर लिहिलेले पाठ्यपुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मोफत मिळणाऱ्या 'आर' या संगणकीय भाषेतून हा विषय शिकवण्याची त्यातील दृष्टी विशेष उल्लेखनीय आहे. मुंबईत आयआयटीबरोबरच कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये गोरेगावला स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था यांचे दालन संशोधकांसाठी खुले आहे.

अडचण कुठे?

मग विद्यार्थी का वळत नाहीत? पहिले कारण उघड आहे. 'नेट'मधून मिळणारी कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आहे आणि दोन वर्षांनंतर ती ४२ हजार होते. मुंबईत घरभाडे भरणाऱ्या किंवा घरी पैसे देणे भाग असलेल्या तरुणाला हे पाच-सहा वर्षे परवडणे सोपे नसते. त्याच बुद्धीला विमा कंपनी, बँक किंवा शेअर बाजारातील संस्था अधिक मोल देते.

दुसरे कारण कमी चर्चिले जाते. संशोधनाला आकडेवारी लागते आणि विमा कंपन्यांची दाव्यांची माहिती संशोधकांना सहजी मिळत नाही. मिळाली तर ती इतकी संक्षिप्त असते की, तिच्यातून टोकाच्या घटनांविषयी काही कळत नाही. विमेदारांची गोपनीयता जपूनही माहिती खुली करता येते. स्टॉकहोममधील प्राध्यापकपदाला विमा कंपन्यांनी आधार दिला तो १९२९ मध्ये. झुरिकमध्ये १९९४ पासून तांत्रिक विद्यापीठाने बँका आणि विमा कंपन्यांच्या सहकार्याने 'रिस्कलॅब' हे संशोधन केंद्र चालवले. ज्यांना गणिताचा उपयोग होतो त्यांनी गणिताला पोसावे, एवढाच त्यामागचा व्यवहारी विचार आहे.

न पोसल्यास काय होते, याचेही दाखले आहेत. अनेक कर्जदार एकाच वेळी कर्ज बुडवण्याची शक्यता मोजणारे एक सोयीस्कर सूत्र २००० मध्ये प्रसिद्ध झाले आणि अमेरिकी बँकांनी ते बेधडक वापरले. घरांच्या किमती सर्वत्र एकदम घसरल्या, तेव्हा २००८ च्या अरिष्टात त्या सूत्राची मर्यादा जगाला कळली. संशोधकांनी तिचा इशारा आधीच दिला होता. भारतात 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मार्च २०२४ पर्यंतच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के जणांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. याच बाजारात मोठ्या संस्थांनी कमावलेल्या नफ्याचा बहुतांश भाग संगणकीय प्रणालींनी केलेल्या व्यवहारांतून आला. गणित कुणाच्या बाजूने उभे होते, हे यावरून दिसते.

जोखीम मोजण्याची विद्या आज बाजारात नफा कमावणाऱ्यांकडे भरपूर आहे. ती आझाद नगरच्या टेकडीसाठी, बीडच्या कापसासाठी आणि निवृत्त माणसाच्या पेन्शनसाठी वापरायची, तर ती स्वतंत्रपणे जाणणारी माणसे सार्वजनिक संस्थांतही असायला हवीत. कंपनीने सांगितलेला हप्ता रास्त आहे की नाही, हे सरकारला आणि नियामकाला सांगू शकणारा माणूस परीक्षांच्या जोडीला संशोधनातूनच तयार होतो. घाटकोपरच्या गणिताच्या पदवीधराने अ‍ॅक्च्युअरी व्हावे की पीएच.डी. करावी, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. निर्णय घेताना दोन्ही वाटांची नावे तरी त्याच्या कानावर पडलेली असावीत.